नव्या लेखनिकाला आपले वळण



मराठीत ‘वळण’ हा शब्द मोठा सोयीचा आहे. रस्त्याला वळण असते, मुलाला वळण लावावे लागते आणि अक्षरालाही वळण असते. मोडी लिपीच्या काळी तर चिटणिशी वळण, बिवलकरी वळण अशी अक्षरांची घराणीच होती. पुढे शाळाशाळांतून बाळबोध अक्षराचे कित्ते गिरवून घेतले गेले. पण एकाच कित्त्यावर हात फिरवणाऱ्या दोघा भावांचे अक्षर काही एक झाले नाही. पोस्टमनने पत्र हातात ठेवले, की ते उघडण्याच्या आत, नुसता पत्ता पाहून घरातली माणसे सांगत, ‘हे मामाचे’, ‘हे मुंबईच्या थोरल्याचे’. कार्डाचा कोपरा फाडलेला दिसला, तर वाचण्याआधीच काळजात धस्स होई. मजकुराच्या आधी अक्षर आणि कागद बोलत असत.

ई-मेलमध्ये हे सारे गेले. शिक्षण विभागाचे परिपत्रक, बँकेची सूचना आणि दुबईला गेलेल्या मुलाची खुशाली ही तिन्ही मोबाइलच्या पडद्यावर एकाच ठशाच्या अक्षरात येतात. मग लिहिणाऱ्याची खूण कुठे उरली? ती त्याच्या बोलण्याच्या ढबीत उरली आहे. तो सुरुवात कशी करतो, मुद्द्यावर किती लवकर येतो, ‘तू’ म्हणतो की ‘तुम्ही’, शेवटी ‘कळावे’ लिहितो की नुसतेच नाव घालतो, यावरून आपण त्याला ओळखतो. अक्षराचे वळण गेले; भाषेचे वळण तेवढे हाती राहिले. आणि नेमक्या याच वेळी ती भाषाही लिहून देणारे यंत्र आपल्या दारी आले आहे. या यंत्राकडून पत्र लिहवून घ्यावे का, आणि घ्यायचे तर त्यात आपले वळण कसे राखावे, याचा आज थोडा विचार करू.

आधी हे यंत्र म्हणजे काय, ते पाहू. रे टॉमलिन्सन या अमेरिकन अभियंत्याने १९७१ साली संगणकांच्या जाळ्यावरून एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात जाणारे पहिले ई-मेल पाठवले. आपल्या देशात १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेट सर्वसामान्य ग्राहकांना खुले झाले. या सगळ्या काळात यंत्र पत्र पोहोचवण्याचे काम करी. लिहिण्याचे काम माणसाकडेच होते. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी ओपन-एआय या अमेरिकन कंपनीने चॅट-जीपीटी लोकांना वापरायला दिले आणि कृत्रिम बुद्धिमत्तेचा सहायक घरोघर पोहोचू लागला. जून २०२४ मध्ये गूगलने आपले जेमिनी हे सहायक भारतात मराठीसह नऊ भारतीय भाषांत आणले. आता मोबाइलसमोर नुसते तोंडी सांगितले, की ‘मुख्याध्यापकांना दोन दिवसांच्या रजेचा अर्ज लिही’, तर चहाचा कप खाली ठेवेपर्यंत अर्ज तयार होतो.

यात जादू नाही. मी अर्धे वाक्य सांगतो, ते तुम्ही मनात पुरे करा. ‘पत्रास कारण...’ तुम्ही म्हणालात ‘की’. ‘कळावे, लोभ...’ तुम्ही म्हणालात ‘असावा’. ‘आपला आज्ञाधारक...’ तुम्ही म्हणालात ‘विद्यार्थी’. हे तुम्हांला का आले? कारण आयुष्यात शेकडो पत्रे तुमच्या डोळ्यांखालून गेली. यंत्राचेही असेच आहे. त्याला अफाट मजकूर वाचायला घातलेला असतो आणि पुढचा शब्द कोणता यावा, याचा अंदाज तो मोठ्या कौशल्याने करतो. एका शब्दामागून दुसरा, असे पत्र उभे राहते. पण त्याने वाचलेल्या मजकुरात इंग्रजीचा वाटा फार मोठा आणि मराठीचा त्या मानाने फार थोडा. म्हणून त्याच्या हातून उतरलेले मराठी शुद्धलेखनाच्या दृष्टीने पुष्कळदा ठीक असते, परंतु कानाला ते भाषांतरासारखे लागते.

दुसऱ्याकडून पत्र लिहवून घेण्यात काही कमीपणा आहे, असे मात्र समजू नका. आपल्याकडे लेखनिकाची परंपरा जुनी आहे. पत्रे आणि हिशेब कसे लिहावेत याचे नियम सांगणारे ‘मेस्तक’ देवगिरीच्या यादवांच्या दरबारातील हेमाद्रीच्या नावावर सांगितले जाते. समर्थ रामदासांनी दासबोधात लेखनक्रियेवर एक स्वतंत्र समास घातला आहे. शिवाजी महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी यांची आख्यायिका तर तुम्ही ऐकली असेल. महाराजांनी सांगितलेले एक पत्र कामाच्या गर्दीत लिहायचे राहिले. विचारणा झाली, तेव्हा कोरा कागद हाती धरून बाळाजींनी सगळे पत्र, जणू काही लिहिलेलेच आहे अशा रीतीने, घडाघडा वाचून दाखवले, असे सांगतात. कथेतला तपशील इतिहासकारांवर सोपवू. पण तिच्यातला अर्थ स्पष्ट आहे. धन्याच्या मनात काय आहे आणि तो ते कोणत्या शब्दांत सांगेल, हे ज्याला ठाऊक, तो खरा लेखनिक.

मुंबईच्या मोठ्या पोस्टासमोर, कबुतरखान्यापाशी, पत्रे लिहून देणारे लोक वर्षानुवर्षे बसत. लिहिता न येणारे कितीतरी कष्टकरी त्यांच्याकडून घरी मनीऑर्डर आणि खुशाली लिहवून घेत. तो लेखनिक समोरच्याला विचारी, ‘वडलांना नमस्कार घालू ना? म्हातारीच्या औषधाचे विचारू का?’ समोरच्या माणसाचा चेहरा त्याला दिसत असे. रक्कम सांगताना आवाज खाली गेला, तर तेही कळत असे. आपल्या नव्या लेखनिकाला यातले काहीच दिसत नाही. जे आपण सांगू तेवढेच त्याला कळते, आणि जे सांगितले नाही तिथे तो साऱ्या जगाचे ठोकळेबाज शब्द आणून भरतो. या लेखनिकाला वळण लावायचे ते एवढ्यासाठी.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका गावच्या माध्यमिक शाळेचे मुख्याध्यापक आहेत. पावसात ग्रंथालयाचे छप्पर गळले आणि पुस्तकांची कपाटे कुजली. शाळेचे माजी विद्यार्थी नोकरीनिमित्त परदेशी आहेत, त्यांना मदतीसाठी लिहायचे आहे. गुरुजींनी यंत्राला एका ओळीत सांगितले, ‘ग्रंथालयासाठी मदत मागणारे ई-मेल लिही.’ यंत्राने जे लिहून दिले, ते साधारण असे असेल:

‘प्रिय महोदय, मला आशा आहे की हा ई-मेल आपल्याला उत्तम आरोग्यात शोधेल. आमच्या शाळेच्या ग्रंथालयाच्या समृद्धीसाठीच्या एका रोमांचक उपक्रमाबद्दल मी आपल्याला लिहीत आहे. आपले मौल्यवान योगदान विद्यार्थ्यांच्या जीवनात महत्त्वपूर्ण बदल घडवून आणेल. अधिक माहितीसाठी माझ्याशी संपर्क साधण्यास कृपया संकोच करू नका.’

आता मला सांगा, ई-मेल कोणाला आरोग्यात कसे शोधील? ते काय हरवलेले वासरू शोधायला निघाले आहे? कपाटे कुजली, यात रोमांचक ते काय? आणि ज्या गुरुजींनी सहावीत कान धरून पाढे म्हणवून घेतले, ते आज ‘प्रिय महोदय’ म्हणू लागले, तर वाचणाऱ्याला काय वाटेल? तो मनात म्हणेल, हे आपल्या गुरुजींचे पत्र नव्हे. कोणीतरी त्यांच्या नावाने पैसे उकळायला बसला आहे. हल्ली असे प्रकार होतात, हे त्यालाही ठाऊक असते. तो पत्र पुसून टाकील आणि ग्रंथालय तसेच गळत राहील. परकी भाषा वापरली, तर खरी गरजदेखील खोटी दिसते.

मग काय करावे? पहिली गोष्ट, आपली जुनी पत्रे गोळा करावीत. पाच ते दहा पुरे. ई-मेलच पाहिजेत असे नाही. वहीतले कच्चे मसुदे, मुलांना लिहिलेली पत्रे, मोबाइलवरचे लांब निरोपही चालतील. मात्र ती तुम्ही स्वतः, घाईत नसताना लिहिलेली असावीत. त्यांतील माणसांची नावे, पत्ते आणि रकमा काढून टाकाव्यात आणि मग ती यंत्रापुढे ठेवावीत.

दुसरी गोष्ट, लगेच पत्र मागू नये. आधी त्याला सांगावे, ‘ही माझी पत्रे. ही वाचून माझ्या लिहिण्याची पद्धत मला सांग. पत्र लिहू नकोस.’ ते सांगेल, की तुम्ही लहान वाक्ये लिहिता, आधी खुशाली आणि मग काम असा क्रम ठेवता, मागणी करताना आकडा स्पष्ट देता, विशेषणे फारशी वापरत नाही, शेवटी थोडी थट्टा करता. हे वाचताना बहुतेकांना नवल वाटते, कारण आपल्या चालण्याप्रमाणे आपली लिहिण्याची ढबही आपल्याला दिसत नसते. या यादीत काही चुकीचे असेल, तर दुरुस्त करावे. मग ती यादी मोबाइलमध्ये एका जागी जपून ठेवावी. पुष्कळ सहायकांत कायमच्या सूचना लिहून ठेवण्याची सोय असते. तिथे ती घालावी. तशी सोय नसेल, तर दर नव्या पत्राच्या वेळी ती पुन्हा पुढे ठेवावी, कारण सांगून न ठेवलेल्या गोष्टी हा लेखनिक नव्या बैठकीत पुष्कळदा विसरलेला असतो.

तिसरी गोष्ट, काय नको ते सांगावे. ‘साध्या, आपुलकीच्या भाषेत लिही’ एवढ्याने भागत नाही. साधेपणाची त्याची कल्पना निराळी आणि तुमची निराळी. त्यापेक्षा ‘रोमांचक, मौल्यवान, महत्त्वपूर्ण हे शब्द नकोत, संकोच करू नका असे लिहू नकोस, विद्यार्थ्याला चिरंजीव आणि तू’ अशा नेमक्या सूचना फार उपयोगी पडतात.

चौथी गोष्ट, मजकुराची सामग्री आपण द्यावी. कोणाला लिहायचे, त्याचे आपले नाते काय, काम काय, रक्कम किती, केव्हापर्यंत हवे, हे सगळे सांगावे; आणि बजावावे, की ‘मी दिलेल्या माहितीपलीकडे एकही गोष्ट घालू नकोस. माहिती कमी पडली, तर जागा मोकळी सोड.’ स्वयंपाक्याला शिधा काढून द्यावा तसे हे आहे. शिधा दिला नाही, तर तो शेजाऱ्याच्या कोठीतला माल वापरणार.

एवढे केल्यावर गुरुजींच्या हाती जो मसुदा येईल, तो पाहा:

‘चिरंजीव अमुक यास अनेक आशीर्वाद. तुझे दिवाळीचे पत्र मिळाले. इकडे सर्व ठीक. लिहिण्याचे कारण असे, की यंदाच्या पावसात ग्रंथालयाचे छप्पर गळले. पुस्तके वेळीच हलवली म्हणून वाचली, पण कपाटे गेली. दोन लोखंडी कपाटे घ्यायची आहेत. दुकानदाराने अठ्ठावीस हजार सांगितले आहेत; त्याचे दरपत्रक सोबत जोडले आहे. तुमच्या तुकडीने मिळून एक कपाट उचलावे, दुसरे गावकरी देणार आहेत. जमत नसेल तर मोकळेपणाने कळव. मी रागावणार नाही.’

हे पत्र वाचण्यासारखे झाले. तरीही गुरुजींनी पाठवण्याआधी शेवटी स्वतःच्या हाताने एक वाक्य घालावे: ‘गणिताच्या तासाला प्रश्न चुकवण्यासाठी तू ज्या खिडकीशी दडून बसायचास, तिथेच ही कपाटे ठेवायची आहेत.’ हे वाक्य कोणत्याही यंत्राला सुचणार नाही, कारण ती खिडकी त्याने पाहिलेली नाही. वाचणाऱ्याची खात्री पटते ती या वाक्याने. यंत्राने नऊ वाक्ये लिहावीत, दहावे आपण लिहावे. आणि पत्र बहुधा त्या दहाव्या वाक्यासाठीच वाचले जाते.

इथे एक इशारा देणे जरूर आहे. गावात येणारा बहुरूपी पाटलाचे सोंग आणतो, तेव्हा पाटलाची एखादीच लकब उचलतो आणि तीच वाढवून दाखवतो. आपला लेखनिक तसाच वागतो. तुमच्या दहा पत्रांत एकदा म्हण आली असेल, तर तो प्रत्येक पत्रात दोन म्हणी घालील. तुम्ही एकदा थट्टा केली असेल, तर तो गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या पत्रातही थट्टा करील. अशा वेळी त्याला स्पष्ट सांगावे, की ‘एवढे नको.’

शिवाय एका माणसाचे वळण एकच नसते. वडिलांना ‘तीर्थरूप’ आणि ‘शिरसाष्टांग नमस्कार’, बरोबरीच्याला ‘सप्रेम नमस्कार’, धाकट्याला ‘अनेक आशीर्वाद’, कार्यालयाला ‘वरील विषयास अनुसरून’, अशी आपली पत्रांची पायरी ठरलेली होती. मायने आता बदलले. पायरी मात्र कायम आहे. म्हणून नमुन्यांचे निराळे गठ्ठे करावेत: एक कार्यालयीन पत्रांचा, एक घरच्यांचा, एक व्यवहाराचा.

व्यवहाराच्या पत्राचे उदाहरण शेतकरी मंडळींना जवळचे वाटेल. समजा, हळद पिकवणाऱ्या शेतकऱ्यांच्या कंपनीने परप्रांतातील व्यापाऱ्याला माल पाठवला आणि पैसे दोन महिने थकले. यंत्राला नुसते ‘वसुलीचे पत्र लिही’ म्हटले, तर ते एक तर गयावया करील, नाही तर पहिल्याच ओळीत कोर्टाची पायरी दाखवील. आपल्याला दोन्ही नको असते. पैसे हवे असतात आणि पुढच्या हंगामात गिऱ्हाईकही हवे असते. ‘मागच्या तीन खेपांना तुम्ही वेळेवर पैसे दिलेत, ते आम्ही विसरलो नाही. या खेपेला उशीर का झाला ते कळवा, आणि महिनाअखेर निम्मी रक्कम तरी पाठवा. सभासदांची पेरणी तोंडावर आली आहे.’ ही भाषा बाजारात उभा राहिलेल्या माणसाची आहे. ती यंत्राकडून हवी असेल, तर मागचा व्यवहार, पुढची इच्छा आणि आजची अडचण या तिन्ही गोष्टी त्याच्या कानावर घालाव्या लागतात.

आता तपासणीचा मुद्दा. नारायणराव पेशव्यांना ‘धरावे’ अशा हुकुमात ‘ध’चा ‘मा’ झाला आणि ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात त्यांचा खून झाला, अशी कथा आपल्याकडे घरोघर सांगतात. त्या कथेत अक्षर बदलणाऱ्याचा हेतू वाईट होता. यंत्राला हेतूच नसतो, पण ‘ध’चा ‘मा’ ते सहज करून जाते. तारीख बदलते, अठ्ठावीस हजारांचे अडतीस होतात, तुम्ही ‘विचार करू’ म्हटलेले ‘मान्य आहे’ होऊन बसते. शिक्षकांनी तर विशेष सावध राहावे. कार्यालयीन पत्रात ‘योग्य तो शासन निर्णय नमूद कर’ असे सांगितले, तर हा लेखनिक दिनांक आणि क्रमांकासह असा शासन निर्णय लिहून देऊ शकतो, जो कधी निघालेलाच नाही. आणि तो लिहितो इतक्या विश्वासाने, की शंका घ्यायलाही संकोच वाटावा. महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर शासन निर्णयासोबत त्याचा संगणक संकेतांक दिलेला असतो. मूळ कागद स्वतः उघडून पाहिल्यावाचून त्याचा उल्लेख करू नये.

तपासणीचा सोपा उपाय म्हणजे पत्र मोठ्याने वाचणे. डोळा पुढे पळतो, कान पळत नाही. जिथे जीभ अडखळेल, जिथे ‘हे मी कधी बोलत नाही’ असे वाटेल, तिथे थांबून शब्द बदलावा. घरातल्या माणसाला ऐकवून ‘हे माझे वाटते का?’ असे विचारावे. आणि दुरुस्त केलेले पत्र नमुन्यांच्या गठ्ठ्यात ठेवावे. पाच-सहा पत्रे अशी दुरुस्त करून पुढे ठेवली, की लेखनिकाचे मसुदे आपल्या वळणावर येऊ लागतात.

दोन गोष्टी सुरक्षिततेच्या. या यंत्राला सांगितलेले बहुतेक सारे आपल्या मोबाइलमधून निघून कंपनीच्या दूरच्या संगणकावर जाते. म्हणून विद्यार्थ्यांची नावे, जात, आजार, गुण, पालकांचे आधार क्रमांक, बँकेचे खाते यांतले काहीही त्यात घालू नये. २०२३ साली संसदेने डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा केला. अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट त्यात आहे. पण कायदा नसता, तरी दुसऱ्याच्या घरातली गोष्ट चव्हाट्यावर न नेणे हे आपले जुने वळण आहेच. पत्रात नावाच्या जागी ‘अमुक’ लिहावे आणि खरे नाव शेवटी आपल्या हाताने घालावे.

दुसरी गोष्ट अशी, की जे यंत्र आपल्यासाठी आपली नक्कल करते, ते भामट्यासाठीही करील. तुमचे लिहिणे ज्याच्या हाती लागले, तो तुमच्या ढबीत तुमच्या मुलाकडे पैसे मागू शकतो. म्हणून घरात एक नियम करावा: पैशाची मागणी पत्रातून आली, मग ती कितीही ओळखीच्या भाषेत असो, नेहमीच्या नंबरवर फोन करून आवाज ऐकल्याशिवाय पैसे पाठवायचे नाहीत. फसवणूक झालीच, तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर ताबडतोब कळवावे. उशीर होईल तितकी रक्कम परत मिळण्याची आशा कमी.

काही पत्रे मात्र या लेखनिकाच्या हाती देऊच नयेत, असे मला वाटते. सांत्वनाचे पत्र, क्षमा मागण्याचे पत्र, भावाभावांतले भांडण मिटवण्याचे पत्र. मित्राची आई गेली, तेव्हा आपण दोन ओळी लिहितो आणि थांबतो, पुन्हा खोडतो, पुन्हा लिहितो. ते अडखळणे हीच त्या पत्राची किंमत असते. तिथे दोनशे गुळगुळीत शब्दांपेक्षा ‘काय लिहावे सुचत नाही, रविवारी येतो’ एवढे पुरते. आणि रविवारी जावे.

शेवटी शिक्षकबंधू आणि भगिनींना एक विनंती. दहावीच्या मराठीत पत्रलेखन आहे, आणि मुले यंत्राकडून पत्र लिहवून आणणार, हे गृहीत धरावे. नुसती बंदी घालून ते थांबणार नाही. त्याऐवजी एक तास असा घ्यावा. एस. टी. वेळेवर येत नाही म्हणून आगारप्रमुखांना लिहायचे पत्र आधी प्रत्येक मुलाने वर्गात स्वतः लिहावे. मग यंत्राचे पत्र फळ्यावर लिहावे आणि दोन्ही शेजारी ठेवून विचारावे: गाडी किती वाजता चुकते, हे कोणत्या पत्रात आहे? पहिला तास बुडतो, हे कोणी लिहिले? कोणते वाक्य आपण कधी बोलत नाही? मुले ही तपासणी फार आवडीने करतात, आणि करता करता त्यांना स्वतःच्या भाषेची किंमत कळते. पण क्रम उलटू देऊ नये. ज्याने कधी स्वतः पत्र लिहिले नाही, त्याच्यापाशी यंत्राला द्यायला नमुना तरी कुठला असणार? ज्याचे वळणच बसले नाही, तो यंत्राला वळण कसले लावणार? त्याला यंत्राचेच वळण लागेल, आणि गावोगावची मुले एकाच तऱ्हेचे, कोणाचेच नसलेले मराठी लिहू लागतील. खरा धोका मला इथे दिसतो.

ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही, ज्यांचा हात थरथरतो, ज्यांना लिहिता येत नाही पण बोलता उत्तम येते, त्यांच्यासाठी हा लेखनिक मोठाच आधार आहे. आजीने आपल्या बोलीत मोबाइलपुढे मनातले सांगावे आणि नातवाला ते पत्र म्हणून मिळावे, ही गोष्ट आता घडू शकते. मात्र तिथेही सांगावे, की ‘बाई बोलली तसेच ठेव, पुस्तकी करू नकोस.’

पूर्वीच्या दरबारात पत्र लिहिणारा निराळा आणि मोर्तब करणारा निराळा असे. मोर्तब झाल्यावाचून पत्र पुरे होत नसे, आणि मोर्तब झाल्यावर ‘ते कारकुनाने लिहिले’ ही सबब चालत नसे. ई-मेलच्या पडद्यावर पाठवण्याची खूण दाबणे हेच आजचे शिक्कामोर्तब. ते बोट आपले आहे. तेव्हा घाई करू नका. आज रात्री जेवणे झाल्यावर ट्रंकेतली, वहीतली, मोबाइलमधली आपली जुनी पत्रे शोधून काढा आणि मोठ्याने वाचा. यंत्र वापरा अगर न वापरा; आपण कसे बोलतो, हे एकदा आपल्या कानांनी ऐका.